जावयाने दुरुस्त केलेली रंधा मशीन

हसणार नाही असं कबूल करत असाल तर सांगतो. म्हणजे हसलात तरी सांगणारच आहे, कारण मी नाही सांगितलं तर आमची रेखा सांगेल, आणि ती सांगते तेव्हा त्यात माझी अवस्था आणखीनच वाईट असते. तेव्हा चहा ओता आणि माझ्या तोंडूनच ऐका.

रेखा म्हणजे माझी बायको. तिचं माहेर आंबागड, तुमसरजवळचं किल्ल्याचं गाव. मी भंडाऱ्याला एका कचेरीत कारकून. फायलीला दोरा बांधण्यापलीकडे हातानं करायचं काम मी जन्मात केलेलं नाही. पण मधल्या काळात माणसाच्या हातात फोन आला आणि फोनमध्ये व्हिडिओ आले. तुम्हीही पाहिले असतील. कोणीतरी गोरा माणूस गंजून लाल झालेली मशीन उचलून आणतो. बोलत काही नाही. खोलतो, घासतो, धुतो, रंगवतो, आणि चहा संपेपर्यंत ती मशीन फिरायला लागते. असे व्हिडिओ मी इतके पाहिले, इतके पाहिले, की मला वाटायला लागलं, हे सगळं मीच केलंय.

आणि नेमकं त्याच वर्षी दिवाळीच्या सुट्टीत मी सासुरवाडीला गेलो.

माझे सासरे सुतार. मी त्यांना मामाजी म्हणतो. त्यांच्या अंगणालगतच्या छपरीत, म्हणजे कामाच्या पडवीत, एक रंधा मशीन होती. लाकडाची फळी तिच्यावरून सरकवली की खालून फिरणारी पाती ती तासून गुळगुळीत करतात, हातानं रंधा मारत बसावं लागत नाही. गोंदिया आणि भंडारा एकच जिल्हा होता तेव्हा मामाजींनी ती गोंदियाच्या एका लाकूड कापणाऱ्या आरामशीनवाल्याकडून आणलेली. पुढे मोटार जळली, बेरिंग धरले, आणि मशीन बंद पडली. मामाजींची नजर अधू झाली, गुडघे गेले. माझा साळा विलास, त्याचा हात बापासारखाच चांगला. पण दारं-चौकटींचं काम मशीनशिवाय परवडत नाही. त्यानं नागपूरला कुठल्याशा कंपनीत जायचं ठरवलं होतं. आणि मशीन भंगारात द्यायची. तुमसरचा भंगारवाला मंडईच्या दिवशी गाडी घेऊन येणार होता.

मंडई तर माहीतच आहे तुम्हाला. दिवाळी झाली की आमच्याकडे प्रत्येक गावाची एक मंडई, दुकानं, पाळणे, आणि घराघरांत पाहुणेच पाहुणे.

"लोखंड हाये, लोखंडाच्या भावानं जाईन," मामाजी म्हणाले. आणि मग छपरीत जाऊन त्यांनी फडक्यानं ती मशीन पुसली. आता तुम्हीच सांगा, भंगारात जाणारी वस्तू कोणी पुसतं का? मला फार वाईट वाटलं हो. मशीन चालली असती तर विलास गावातच राहिला असता, आणि म्हातारा-म्हातारी एकटी पडली नसती. एवढी साधी गोष्ट होती.

मी छाती फुगवून म्हणालो, "मामाजी, मी चालू करून देतो."

मामाजींच्या हातातलं फडकं मशीनवरच थांबलं.

"भाऊजी, तुमी?" विलासनं विचारलं.

"जवाईबापूच्या हाताले काही लागन तं?" सासूबाई, म्हणजे मामीजी, म्हणाल्या.

रेखा तेवढी म्हणाली, "घरचा नळ गळून राह्यला, तो नाही दिसला तुमाले."

पण मामाजी म्हणाले, "करतो म्हंतेत तं करू द्या." आणि विषय संपला.

इथे तुम्हाला एक गोष्ट समजावून सांगायला हवी, नाहीतर पुढचं काहीच कळणार नाही. आमच्याकडे जावयाचा मान फार. पहिलं ताट त्याला, पाट त्याला, पंख्याखालची खाट त्याला. पण सगळ्यात मोठा मान म्हणजे, जावई चुकला असं त्याच्या तोंडावर कोणी म्हणत नाही. एकदा मी मामाजींना मोटारसायकलवर बसवून तुमसरला निघालो आणि भलत्याच रस्त्याला लागलो. म्हातारा माणूस मागे गप्प बसून. जंगल आलं, माकडं आली, तरी गप्प. शेवटी मीच थांबून विचारलं, तर म्हणाले, "मले वाटलं, तुमाले इकडं काही काम असन."

तर अशा घरात मी मशीन दुरुस्त करायला बसलो!

काम मात्र मी जीव तोडून केलं. रॉकेलमध्ये भाग भिजवले, घासकागदानं हात सोलेपर्यंत गंज काढला. बेरिंग नवे आणले, जळालेल्या मोटारीत तुमसरहून नवी तार भरून आणली, नवा लांब पट्टा आणला, वर हिरवा रंग मारला. विलास जड जड उचलायला होता. मामाजी उकिडवे बसून सगळं बघायचे, आणि अधूनमधून नुसतं, "वा जी," म्हणायचे.

मोटारीच्या तारा जोडायची वेळ आली तेव्हा मी सगळ्यांना बाहेर काढलं. म्हटलं, विजेचं काम आहे, लांब व्हा. थ्री फेजची मोटार, तिला तीन तारा. तिन्ही मळून एकाच रंगाच्या झालेल्या. मी तीन टोकांना तीन तारा जोडून टाकल्या. तीन तारा, तीन टोकं, यात चुकणार काय?

मंडईच्या दिवशी सकाळी उद्घाटन ठेवलं. मामीजींनी मशीनला हळदकुंकू लावलं, विलासनं नारळ फोडला. रेखा तिच्या आत्याबाईंना आणि पाहुण्यांच्या पोरींना घेऊन मंडईत गेली होती. ती नव्हती याचं मला तेव्हा बरंच वाटलं, उगीच नळाचा विषय नको.

मी बटण दाबलं आणि काय सांगू, मशीन फिरली! इतकी वर्षं मेलेली मशीन, घुंऽऽ करून फिरली. मामाजींच्या डोळ्यांत पाणी आलं. खोटं कशाला बोलू, माझ्याही आलं.

मग मी सागाची फळी घेतली आणि मशीनवर सरकवली.

कर्रर्र असा आवाज झाला, धूर निघाला. फळी उलटून पाहिली तर तासलेलं काही नाही, फक्त खालून काळी आणि चकचकीत झालेली. पुन्हा सरकवली. पुन्हा धूर.

मामाजींनी मशीनकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग छपराच्या कवेलूंकडे. विलासला खोकला आला.

"पाती बोथट झाली असणार," मी म्हणालो.

"असन जी," मामाजी म्हणाले.

"असू शकते," विलास म्हणाला.

मी मशीन बंद केली, पाती काढली आणि अंगणात दगडावर धार लावत बसलो. आता पुढचं जे घडलं ते मला त्या दिवशी फार उशिरा कळलं. पण तुम्हाला आत्ताच सांगून टाकतो, नाहीतर तुम्हीही माझ्यासारखे भिरभिरत राहाल.

मशीन उलटी फिरत होती. बास, एवढंच. पाती धारेच्या बाजूनं लाकडाला भिडायच्याऐवजी पाठीनं घासत होती. थ्री फेजच्या मोटारीचं असं असतं की तिन्हीपैकी कुठल्याही दोन तारांची अदलाबदल केली की ती उलट दिशेनं फिरते. आणि मी ज्या जोडल्या होत्या त्या नेमक्या उलट्या. छपरीत उभ्या असलेल्या दोन्ही सुतारांना हे पहिल्या सेकंदाला समजलं होतं. पण सांगणार कोण? आणि कोणाला? जावयाला?

तेव्हा मी अंगणात धार लावत असताना मामाजी "लाईन पाहून येतो" म्हणून आत गेले, आणि भिंतीवरच्या मेन स्विचमध्ये गुपचूप दोन तारा बदलून आले. झालं, मशीन सुलट! पण ते गेल्यावर विलास आत शिरला. बापानं काय केलंय ते त्याला काय माहीत? त्यानं काय केलं, मशीनच्या पोटात मोटारीपासून जो पट्टा येतो, त्याला मध्ये एक तिढा मारून ठेवला. पट्ट्याला तिढा दिला की फिरणं उलटतं, हे तेलइंजिनच्या काळापासून आमच्याकडे सगळ्यांना माहीत आहे. म्हणजे बापानं सुलट केलेली मशीन लेकानं पुन्हा उलटी करून ठेवली. वरून फळीचं झाकण लावलं आणि पाहुण्यांना पान द्यायला निघून गेला.

आणि दोघेही मनात खूश, की जावयाची लाज राखली.

मी धार लावलेली पाती बसवली. बटण दाबलं. फळी सरकवली. या वेळी धूर नाही निघाला. या वेळी फळी माझ्या हातातून निसटली, समोरच्या दारातून बाहेर गेली, अंगण ओलांडलं, आणि मामीजींच्या गंजात, म्हणजे मोठ्या पातेल्यात, जाऊन पडली. गंजात लाखोरीची डाळ भिजत होती, मंडईच्या वड्यांसाठी. खाटेवर बसलेल्या पाहुण्यांच्या अंगावर डाळीचं पाणी उडालं.

मामीजी दारात आल्या. जावयाला काय बोलणार? फळी गंजातून काढली, पदरानं पुसली, आणि मला परत आणून दिली. "घ्या जी."

मामाजी आणि विलास मात्र तोंड उघडं टाकून मशीनकडे बघत होते. मला वाटलं, फळी उडाली म्हणून घाबरले. आता समजतं की दोघेही एकच विचार करत होते: मी तर सरळ केली होती!

तेवढ्यात माझ्याही डोक्यात उजेड पडला. व्हिडिओतल्या गोऱ्याच्या मशीनची पाती माणसाच्या अंगाकडे फिरत येतात. ही पाती माझ्यापासून पळत होती. म्हणजे मी तारा उलट्या जोडल्या! पण हे पाहुण्यांसमोर कबूल कसं करायचं? मीच सगळ्यांना लांब व्हा म्हणून सांगितलेलं.

"आधी जेवून घेऊ," मी म्हणालो.

पंगत बसली. वडे, सुवाऱ्या, तरीदार मटण. अर्ध्या जेवणात मी, "चष्मा छपरीत राहिला," म्हणून उठलो. मेन स्विच पाडला, मोटारीच्या दोन तारा घाईघाईनं बदलल्या, हात पुसले आणि पुन्हा पानावर येऊन बसलो. विलासनं माझ्याकडे टक लावून पाहिलं, कारण चष्मा माझ्या नाकावरच होता.

मी बसलो तशी मामाजी उठले. "हात धुतो," म्हणाले. बराच वेळ आले नाहीत. बिचाऱ्यांनी विचार केला होता की आपली नजर आता अधू, आपणच चुकीच्या तारा हलवल्या असतील. त्यांनी स्विचमधल्या तारा परत होत्या तशा करून ठेवल्या.

लागला हिशोब? मी सुलट केली, त्यांनी उलटी केली.

जेवून सगळे पुन्हा छपरीत. या वेळी पाहुणेही आले, दारात गर्दी. मी मोठ्या ऐटीत बटण दाबलं. पात्यांकडे पाहिलं.

पळतायत. माझ्यापासून लांब पळतायत.

मी डोळे चोळले. चष्मा काढून पुसला. आत्ता या हातांनी तारा बदलल्या होत्या! तारा बदलूनही मोटार त्याच दिशेला फिरते? मग ती मोटार आहे का काय आहे? मामाजी स्वतःच्या दोन्ही तळहातांकडे बघत उभे होते. विलास भिंतीला टेकला होता आणि बोटानं हवेत गोल काढत होता, एकदा इकडून, एकदा तिकडून.

"कोनाची नजर लागली," मामीजी म्हणाल्या, आणि लिंबू-मिरची आणायला गेल्या. त्यांनी ती आधी मशीनवरून ओवाळली. मग थोडं थांबून, माझ्यावरूनही ओवाळली.

एक पाहुणे म्हणाले, "मोटार भरणाऱ्यानंच उलटी भरली असन." दुसरे म्हणाले, "किल्ल्याच्या बाजूनं तोंड हाये मशीनचं, फिरवून ठेवा." मला तेही पटायला लागलं होतं, इतकं माझं डोकं फिरलं होतं. खरं सांगतो, त्या क्षणी कोणी उजवा हात कुठला म्हणून विचारलं असतं तर मी जरा वेळ मागितला असता.

इतक्यात बाहेर हॉर्न वाजला. भंगारवाला. त्यानं गाडी मागे घेत घेत अंगणाला लावली, मागचं फाळकं पाडलं, आणि छपरीच्या दाराशी येऊन मशीन डोळ्यांनी मोजायला लागला.

"येवढा हिरवा रंग कायले मारला?" तो म्हणाला. "वितळवाचीच न?"

मामाजी फडकं घेऊन मशीनची कड पुसायला लागले. गावात थ्री फेज लाईन ठरावीक तासच असते, तीही थोड्या वेळात जाणार होती.

"चहा घ्या तोपर्यंत," मी भंगारवाल्याला म्हटलं. त्याला बाहेर बसवण्याच्या गडबडीत कोणाचंच कोणाकडे लक्ष नव्हतं. विलास मशीनच्या पोटात शिरला आणि त्यानं पट्ट्याचा तिढा काढून टाकला. तो बाहेर पडला तसा मी आत शिरलो. मला वाटलं, मघाशी बदललेल्या तारांनीच काहीतरी घोळ झाला असणार. मी त्या पुन्हा पहिल्यासारख्या जोडल्या.

म्हणजे आता काय झालं? पट्टा सकाळी होता तसा, स्विच सकाळी होता तसा, आणि मोटार सकाळी मी जोडली होती तशी. दिवसभर तीन माणसं राबली आणि मशीन जिथली तिथे!

मी बटण दाबलं. उलटी.

विलास मटकन खाली बसला. "भाऊजी, मी नागपूरले जातो," तो म्हणाला. "तिथं मले काही समजलं नाही तरी चालन."

तेव्हा रेखा आली. हातात जिलेबीचा पुडा, मागे पोरींची रांग. दारातूनच तिनं फिरणारी मशीन पाहिली आणि विचारलं, "बाबूजी, हे उलटी काहून फिरून राह्यली?"

दिवसभरात तो शब्द पहिल्यांदा कोणीतरी मोठ्यानं उच्चारला होता.

मामाजींनी माझ्याकडे चोरून पाहिलं. "थोडीशी," ते म्हणाले.

"थोडीशी उलटी कशी असन बाबूजी? तुमाले दिसलं नाही?"

"दिसलं."

"कवा?"

"सकारीच."

"मंग यांयले सांगाले काय झालं होतं?"

"जवाईले कसं सांगावं बाई?" मामाजी म्हणाले. "म्हनून म्या मेनमंदी दोन तारा बदलवल्या. मंग वाटलं मायंच चुकलं, तं परत तशाच केल्या."

विलास ताडकन उभा राहिला. "बाबूजी, तुमी तारा बदलवल्या? म्या तं पट्ट्याले तिढा देल्ता!"

मग सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "मी चष्मा आणायला गेलो होतो ना, तेव्हा..."

रेखानं जिलेबीचा पुडा मामीजींच्या हातात दिला. मी तिला बरीच वर्षं ओळखतो. ती आधी रागावेल असं वाटलं होतं, पण ती भिंतीला धरून हसायला लागली, आणि बराच वेळ तिला बोलताच येईना. मग डोळे पुसून म्हणाली, "आता तुमी दोघं हात मागं बांधा. बाबूजी, तुमी एकटेच जा अना मेनमंदल्या दोन तारा बदलवा. अना बाकी कोनी जागेवरून हललं तं पाहा मंग."

आम्ही दोघे शाळेतल्या पोरांसारखे हात मागे बांधून उभे राहिलो. मामाजी गेले, आले. रेखानं स्वतः बटण दाबलं.

पाती अंगाकडे फिरत आली. मामाजींनी माझ्या हातातून फळी घेतली, गुडघ्याचं दुखणं विसरून पाय रोवले, आणि फळी सरकवली. सर्रर्र आवाज झाला, सागाच्या पातळ ढलप्यांचा फवारा उडाला, आणि छपरीभर सागाचा वास सुटला. फळी उलटी करून त्यांनी तळहात फिरवला. मग ती विलासकडे दिली. विलासनं तळहात फिरवला.

"सरपंचायच्या दाराचं काम अजून कोनाले देल्लं नाही म्हंते," विलास फळीकडे बघत म्हणाला.

"मंग उद्या जाऊन धर," मामाजी म्हणाले.

एवढंच बोलणं झालं. पण मामीजी आत जाऊन त्याची बांधलेली पेटी खोलत होत्या, त्याचा आवाज मला बाहेर ऐकू आला. मला इतका आनंद झाला की मी रेखाला म्हणालो, "बघ, शेवटी चालू करून दिली की नाही?" तिला पुन्हा हसू फुटलं.

या सगळ्यात भंगारवाल्याचा चहा संपला. तो उठून छपरीच्या दारात आला. चालू मशीन पाहिली, ढलप्यांचा ढीग पाहिला, आणि त्याचा चेहरा पडला.

"म्हंजे मशीन नाही देत तुमी," तो म्हणाला. "मी तुमसरवरून डिझेल जाळून आलो न जी. रिकामी गाडी घेऊन जाऊ का? येवढं मोठं घर तुमचं. असन न एखादी गोष्ट, जे नुसती जागा अडवून राह्यते, अना कामाची काहीच नाही?"

कोणी काही बोललं नाही. मामाजी नाही, विलास नाही, मामीजी नाही, खाटेवरचे पाहुणे नाहीत. जावयाला कोण बोलणार?

पण सगळ्यांनी एकदमच माझ्याकडे पाहिलं. आणि भंगारवाला गाडीतून वजनकाटा काढायला गेला.